वरच्या मजल्यावरच्याचं जास्त थकलंय, मग घर खाली करायला आम्हालाच का सांगतात?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज कोर्टातून आल्यावर परत एकदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते, माझं काही चुकत असेल तर दुरुस्त करा. नाशिकला सिडकोत वन बीएचके, भाडं ८,५००, डिपॉझिट ३०,०००. मिस्टर अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेले, ठेका बदलला तसं काम गेलं आणि तीन महिन्यांचं भाडं राहिलं. दोन महिने तर तुम्हाला पत्ताच नव्हता, एजंट दारात आला तेव्हा कळलं. घरात दोन मुलं, सासूबाई, आणि मधूनमधून गावाकडून दीर कामाच्या शोधात येऊन राहतो. आता मालकांचा निरोप आलाय की महिनाअखेर घर खाली करा. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते हे की त्याच मालकाच्या वरच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूचं चार महिन्यांचं थकलंय आणि त्याला कोणी ब्र काढत नाही.

मी चोवीस वर्षं नाशिकच्या जिल्हा कोर्टात वकिली करतेय, भाड्याची प्रकरणं दोन्ही बाजूंनी चालवते, म्हणजे सकाळी एका मालकाचा अर्ज आणि दुपारी दुसऱ्याच कुठल्या भाडेकरूचं म्हणणं असं कितीदा होतं. त्यामुळे मालकांना शिव्या घालून मोकळं व्हायचं असेल तर मी काही कामाची नाही, हे आधीच सांगते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. असं काढू शकतात का, हा एक. आणि आम्हालाच का, हा दुसरा. तुमच्या पोस्टखाली सगळ्यांनी पहिल्याचं उत्तर दिलंय (अर्ध्या लोकांनी चुकीचं, त्यावर येते). मी दुसऱ्यापासून सुरू करते कारण मार्ग निघाला तर तिथूनच निघेल असं मला वाटतं.

नोटिशीत कारण एकच लिहिलेलं असतं, भाडं थकलं. पण मालक अशील माझ्यासमोर बसला की मी त्याला एक प्रश्न हमखास विचारते, की घर खाली करून घ्यायचं हे तुमच्या मनात नक्की कधी पक्कं झालं? आणि उत्तर भाड्याचं फार कमी वेळा येतं. "फोन उचलायचे बंद झाले तेव्हा." "चार माणसं सांगून सातजण राहायला लागले तेव्हा." "खालच्या वहिनींनी पाण्यावरून तिसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा." भाडं कधी त्याच्या आधीपासून थकलेलं असतं, कधी नंतर थकतं, पण मन फिरलेलं असतं ते दुसऱ्याच कशावरून.

आधी सरळ हिशोब बघू. तुम्ही महिने मोजताय, मालक डिपॉझिट मोजतो. ३०,००० मधून तीन महिन्यांचे २५,५०० गेले की उरले ४,५००. चौथा महिना लागला की ३४,००० होतात, म्हणजे मालकाचे ४,००० उघडे पडले, वर लाइट बिल राहिलं असेल तर ते, रंगाचा खर्च वेगळाच. म्हणून तुम्हाला महिनाअखेरची तारीख मिळालीय, ती हवेतून आलेली नाही. आता वरच्याचं डिपॉझिट किती आहे हे तुम्हाला माहितीय का? साठ हजार दिलं असेल तर मालकाला अजून तीनेक महिने झोप लागते. किंवा तो मालकाच्या गावचा असेल. किंवा दर महिन्याला पूर्ण नाही पण दोन-तीन हजार टाकत असेल. मला माहिती नाही, तुम्हालाही बहुतेक नाही, पण "त्याचं जास्त थकलंय" एवढ्यावरून अन्याय झाला असं धरून मालकाशी भांडायला जाऊ नका, तिथे तुमचा मुद्दा एका वाक्यात पडेल.

आता सातपूरच्या अशोकनगर भागातली एक गोष्ट सांगते, नावगाव सोडून. मालक माझ्याकडे सल्ल्याला आले, भाडेकरूचं पाच महिन्यांचं राहिलेलं. पिशवीतून वही काढली, शाळेची, दोनशे पानी. त्यात भाडेकरूच्याच हातचं लिहिलेलं, दर महिन्याच्या दहा तारखेला, १,५०० दिले, बाकी अमुक, सही. एका महिन्यात ५०० लिहिले होते आणि पुढे कंसात "आईचं ऑपरेशन". मी त्यांना कायद्याने काय काय करता येतं ते सगळं सांगितलं, फी पण सांगितली, त्यांनी ऐकून घेतलं आणि वही मिटून म्हणाले, राहू द्या मॅडम, माणूस दर महिन्याला येऊन बसतो तरी. तो भाडेकरू अजून तिथेच आहे असं ऐकते.

आणि नाशिकरोडला याच्या बरोबर उलटं. दोनच महिने थकलेले, मालक तिथल्या सरकारी छापखान्यातून, प्रेसमधून, रिटायर झालेले, साधा माणूस, पेन्शन आणि हे भाडं यावर घर चाललेलं. भाडेकरूने दार उघडायचं बंद केलं. मालक मला म्हणाले, खाली गाडी उभी, मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे वर पंखा चालू, आणि मी पाच मिनिटं बेल वाजवतोय. त्यांना पैशापेक्षा त्या बेलचा राग जास्त होता. ते कुटुंब पुढच्या महिन्यात गेलं.

हे गप्प बसणं आळसातून येत नाही, शरमेतून येतं, आणि बहुतेक घरात पुरुषाच्या शरमेतून. काम गेलं हे बायकोला सांगायचं नाही, डबा घेऊन रोज बाहेर पडायचं, मालकाचा फोन आला की कट करायचा. तुमच्याकडे पण तेच झालंय, तुमच्यावर किंवा मिस्टरांवर बोट ठेवत नाहीये, पण मालकाच्या बाजूने बघा, त्याला दोन महिने कोणीच काही सांगितलं नाही आणि तिसऱ्या महिन्यात त्याने एजंट पाठवला तेव्हा घरातली बाई म्हणाली मला माहितीच नाही. त्याला हे खोटं वाटलं असणार.

आणखी एक विचारते, तुम्ही लिहिलेलं नाही. या तीन महिन्यांत ग्रुप लोनचा हप्ता चुकला का? गाडीचा ईएमआय? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच घरांत हप्ते सगळे भरलेले असतात आणि भाडं तेवढं राहिलेलं असतं. कारण उघड आहे, ग्रुप लोनचा हप्ता चुकला तर ग्रुपमधल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात, फायनान्सवाला गाडी उचलून नेतो, अ‍ॅपवाले फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज टाकायची धमकी देतात. आणि मालक काय, महिन्यातून एक फोन करतो. मग जो कमी ओरडतो त्याचे पैसे मागे पडतात. पण त्या सगळ्यांत डोक्यावरचं छप्पर काढून घेऊ शकणारा तोच एक आहे, हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. भाडं पहिलं, असं मी नेहमी सांगते, किराणा आणि औषध सोडलं तर.

ओळखीपाळखीचं पण बघा. ठेकेदार बदलला तेव्हा एकट्या मिस्टरांचं काम गेलं नाही, त्यांच्या लाइनवरची सगळी पोरं गेली, म्हणजे ज्या मित्राकडून पाच हजार उसने मिळाले असते तो पण त्याच रांगेत उभा. भिशी पण त्याच लोकांची. भाऊ त्याच एमआयडीसीत. एरवी माणसाला वाटतं आपली माणसं आहेत ना, पण सगळी माणसं एकाच दोरीला लटकलेली असली की दोरी तुटल्यावर कोणी कोणाला धरायचं?

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. अमेरिकेत मिल्वॉकी नावाच्या शहरात मॅथ्यू डेस्मंड या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरातून काढलेल्या लोकांचा मोठा अभ्यास केला, त्यात घर जायची शक्यता वाढवणाऱ्या ज्या गोष्टी पुढे आल्या त्या वाचून मला सिडकोच आठवलं. घरात मुलं जास्त असणं, काम जाणं, वस्तीत गुन्हे आणि घरं खाली होण्याचं प्रमाण जास्त असणं, आणि जवळच्या ओळखीतले लोक स्वतःच अडचणीत असणं. त्यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे कोर्टापर्यंत गेलेल्या भाडेकरूंमध्ये, थकलेली रक्कम वगैरे सगळं सारखं धरलं तरीसुद्धा, मुलं असलेल्या घरांविरुद्ध निकाल जायची शक्यता जास्त होती. म्हणजे मुलांकडे बघून दया येत असेल असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही. आणि घर बळजबरीने सोडावं लागलं की त्यानंतर नोकरी जायची शक्यताही वाढते असं त्यांनाच दिसलं. तिकडचे कायदे वेगळे, आपल्याकडे तर बहुतेक प्रकरणं कोर्टात जातच नाहीत, तोंडी निरोप येतो आणि माणूस टेम्पो बोलावतो, त्यामुळे मोजणार कोण.

पण मुलांचं मी इथेही बघते. मालक "मुलं नकोत" असं म्हणत नाही, तो "पाणी पुरत नाही" म्हणतो. आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये टाकी एक, मोटर एक, आणि सकाळी पाणी गेलं की तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळे हिशोब मांडतात कोणाकडे किती माणसं. त्यात तुमचा दीर आला. तुमच्यासाठी तो घरचा माणूस, बिल्डिंगसाठी तो एक जास्तीची अंघोळ आणि जिन्यात रात्री दहाला मोबाईलवर बोलणारा अनोळखी पोरगा. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये त्याचं नाव नाही, त्यामुळे मालक अजून घाबरतो. हे ऐकायला वाईट आहे पण घर वाचवायचं असेल तर दीराची दोन महिने दुसरीकडे सोय करा, आणि मालकाला तसं सांगा.

काही घरांत याहून कठीण असतं. नवरा पितो, रात्री आरडाओरडा होतो, शेजारी तक्रार करतात आणि मालक अख्ख्या कुटुंबाला काढतो, म्हणजे मार खाणारी बाईच परत रस्त्यावर. मग बायका ओरडत पण नाहीत. असं कोणी हे वाचत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात भाड्याचं घरसुद्धा धरलेलं आहे, आणि नवऱ्याने दुसरीकडे राहायची सोय करावी किंवा त्याचं भाडं द्यावं असा हुकूमही कोर्ट देऊ शकतं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, वेगळा विषय आहे.

आडनाव आणि धर्म हाही विषय आहेच, कोणी मोठ्याने बोलत नाही. ज्यांना घर मिळवतानाच चार ठिकाणी "आडनाव काय तुमचं?" विचारून नंतर "कळवतो" म्हटलेलं असतं, ते लोक पुढे मालकाने काहीही म्हटलं तरी वाद घालत नाहीत, कारण हे गेलं तर पुढचं कुठे मिळणार. एकट्या राहणाऱ्या बायकांचं, बॅचलर पोरांचं थोडंफार तसंच. आणि पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेली माणसं मळ्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतात त्यांच्याकडे तर करारच नसतो, शनिवारी सांगतात, सोमवारी खोली रिकामी.

मालकांची पण एक भीती आहे, ती समजून घ्या. रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये १९४७ च्या भाडे कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भाडेकरू सगळ्यांनी बघितलेत, महिना पन्नास-शंभर रुपये भाडं, मालक वाडा दुरुस्त करायला तयार नाही, भाडेकरू हलायला तयार नाही, पावसाळा आला की महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस. ज्याच्या आजोबाचा वाडा असा अडकला तो आज सिडकोत फ्लॅट भाड्याने देताना मनात तेच घेऊन बसलेला असतो, भाडेकरू एकदा मुरला की निघत नाही. त्यात पंचवटीकडे आता २०२७ च्या सिंहस्थाची गणितं सुरू झालीत, त्या वेळी खोल्या हातात मोकळ्या असाव्यात असं वाटणारे मालक माझ्याकडेही येऊन गेलेत. तुमचा भाग लांब आहे पण तसा विचार तुमच्या मालकाच्या डोक्यात नसेलच असं काही नाही.

आता कायदा. खाली एका दादाने लिहिलंय की नव्वद दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कोणी काढूच शकत नाही, बिनधास्त बसा. हे अर्धवट आहे आणि यावर बसलात तर बुडाल. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम १५ मध्ये ते नव्वद दिवस आहेत खरे, लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस जाईपर्यंत थकबाकीसाठी दावा लावता येत नाही, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, पंधरा टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरला तर त्या कारणावर घर खाली करायचा हुकूम होत नाही. पण हे संरक्षण भाडेकरूला आहे. तुमचा करार बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचा असणार, आजकाल सगळे तोच करतात, आणि त्यात कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसता, परवानगीने राहणारे असता. त्याला कलम २४ लागतं. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि मुदत संपल्यापासून घर ताब्यात देईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, तुमच्या बाबतीत महिना १७,०००. तिथलं समन्स आलं तर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरून हुकूम होतो. समन्स घ्यायचं टाळणारे लोक मी खूप बघितलेत, ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

म्हणून सगळं तुमच्या करारावर अवलंबून आहे. मुदत चालू असेल तर त्यातलं नोटिशीचं कलम काढून वाचा, बहुतेक करारांत एक महिन्याची लेखी नोटीस लिहिलेली असते, आणि एजंटने दारात उभं राहून सांगितलेला निरोप म्हणजे लेखी नोटीस नव्हे. मुदत संपून गेली असेल आणि नुसतंच चालू राहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, बोलणी करा. करार नोंदवलेलाच नसेल तर चित्र वेगळं, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं लोक अजून समजतात, पण आपल्या राज्यात याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल तुमचं म्हणणं धरलं जातं. हे हत्यार म्हणून पहिल्या भेटीत काढू नका मात्र, मालक लगेच वकिलाकडे पळेल. माझ्यासारखीकडेच.

कुठल्याही प्रकारात मालकाने स्वतः येऊन कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं हा कायद्याचा रस्ता नाही. तसं होतंय असं वाटलं तर ११२ ला फोन करा, पोलीस म्हणतील हा दिवाणी मामला आहे, म्हणू द्या, तुम्ही लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात, सीबीएस बसस्टँडजवळ, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तुम्ही बाई आहात म्हणजे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायचा तुम्हाला हक्क आहे, त्यामुळे अर्ज तुमच्या नावाने करा. १५१०० हा त्यांचा फोन. तिथे केस लावायच्या आधीच दोन्ही बाजूंना बोलावून समेटही करतात, आणि बरेच मालक त्याला तयार होतात कारण त्यांनाही कोर्टाचे हेलपाटे नको असतात.

पण ते नंतर. या आठवड्यात काय करायचं ते सांगते. आधी मिस्टरांबरोबर बसून खरं उत्पन्न कागदावर लिहा. आत्ता तुम्ही लिहिलंय की त्यांना रोजंदारीवर महिन्याला चौदा-पंधरा हजार पडतात. लोक घाबरून मालकाला सांगतात की चालू भाडं पूर्ण देतो आणि मागचं सहा हप्त्यांत फेडतो. २५,५०० चे सहा हप्ते म्हणजे ४,२५०, अधिक ८,५००, झाले १२,७५०. पंधरा हजारांत हे होणार आहे का? नाही होणार, आणि दुसऱ्या महिन्यात शब्द मोडला की उरलेली पत पण गेली. दहा हप्ते केले तर २,५५०, म्हणजे महिना ११,०५०, तेही तुम्ही काही काम धरलंत तरच. हे बसत नसेल तर मान्य करा की हे घर सध्या झेपत नाही आणि बोलणी राहण्याची न करता निघण्याची करा, नक्की तारीख, तोपर्यंतचं भाडं किती, डिपॉझिटमधून किती वळतं होणार आणि हातात किती परत मिळणार. मुलांची परीक्षा संपेपर्यंतचा वेळ मागा. मालकाला पक्की तारीख मिळाली की तो बऱ्याचदा दोन महिने थांबतो, "बघतो, करतो" वर एक दिवस थांबत नाही.

"डिपॉझिटमधून कापून घ्या" हे वाक्य तोंडातून काढू नका. तुम्हाला ते सरळ वाटतं, मालकाला त्याचा अर्थ "आता मी काही देणार नाही" असा ऐकू येतो.

भेटायला जाण्याआधी थोडे का होईना पैसे टाका, दोन हजार, तीन हजार, यूपीआयने, आणि त्यात अमुक महिन्याचं भाडं असं लिहा. रोख दिलं तर वहीत सही घ्या. मग जा, दोघंही जा, मिस्टर पुढे आणि तुम्ही बरोबर. बरोबर एकच तिसरा माणूस न्या आणि तो नीट निवडा. एजंट नको. त्याला नवीन भाडेकरू आला की परत एका महिन्याचं ब्रोकरेज मिळतं, तुम्ही राहण्यात त्याचा काय फायदा? नगरसेवकाचा फोन तर अजिबात नको, मालक अजून ताठतो, "आत्ता पुढारी आणले, उद्या घर बळकावतील". बिल्डिंगमधले एखादे वयस्कर काका-काकू, मुलांच्या शाळेतल्या बाई, मिस्टरांचे जुने सुपरवायझर, ज्यांचा शब्द मालक ऐकेल असं कोणीतरी. तो माणूस तुमच्या वतीने जामीन राहत नाही, नुसता शेजारी बसतो, पण तेवढ्याने खोलीतला आवाज खाली येतो, हे मी शेकड्याने बघितलंय.

जे ठरेल ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाला लिहून पाठवा, साधं, "आज भेटलो, असं असं ठरलं, बरोबर ना?" आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. शेवटी निघायचंच ठरलं तर चावी आणि डिपॉझिटची उरलेली रक्कम एकाच वेळी, एकाच टेबलावर. खोल्यांचा व्हिडिओ, मीटरच्या रीडिंगचा फोटो, आणि काही येणं-बाकी नाही असं दोन ओळींचं लिहून घ्या. सिडकोतले एजंट एकमेकांना ओळखतात, पुढच्या घराच्या वेळी आधीच्या मालकाला फोन जातोच, त्यामुळे भांडून निघालात तर त्या फोनवर काय बोललं जाईल ते तुम्हीच ओळखा.

वरच्या भाडेकरूचा विषय मालकासमोर काढायचाच नाही, हे मिस्टरांनाही सांगून ठेवा.

करारावर सुरुवातीची आणि मुदत संपायची तारीख काय आहे, आणि वर नोंदणीचा नंबर आहे का, एवढं बघून इथेच लिहा. त्यावरून पुढचं सांगते. आज रात्री नाही, उद्या संध्याकाळी सातनंतर बघेन.